बेंजो, टेप आणि हार्ड डिस्क

सकाळी ७
मानकोलीत शांतता मिळवावी लागते. एका अंगाला मुंबई–नाशिक महामार्ग, बाकी सगळीकडे गोदामं. रेकॉर्डिंगची खोली गावठाणात, घराच्या मागच्या बाजूला आहे. दाराला दुहेरी फळी आणि भिंतीत रॉकवूल असूनही ट्रेलरची घरघर जमिनीतून येतेच. ती बहुतेक ८० हर्ट्झच्या खाली असते, म्हणून गायकाच्या माइकवर तिथून खालचं सगळं कापतो. ढोलाच्या माइकवर तसं करता येत नाही, ढोलाचा जीवच तिथे असतो. सकाळचं पहिलं काम म्हणजे फ्रीज आणि पंखा बंद करून, माइक उघडा ठेवून रिकामी खोली ऐकणं. ५० हर्ट्झची गुणगुण सापडली तर आधी अर्थिंग तपासायचं. बेंजोचा पिकअप ही गुणगुण हमखास उचलतो.

सकाळी ८:३०
आज येणारी बेंजो पार्टी जुनी. हळदीच्या मांडवांत यांची उमर गेली. कॅसेटच्या जमान्यात त्यांची गाणी निघाली होती, आता नवा अल्बम करायचा आहे. पार्टीच्या मास्तरांनी नमुना म्हणून जुनी कॅसेट पाठवली आहे. ‘असा आवाज पायजे,’ एवढाच निरोप.

कॅसेटची टेप ४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद आणि चालते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत अख्खा मांडव बसवायचा, तर सळसळ येणारच. डेकच्या हेडचा स्क्रू केसभर फिरवला तेव्हा झांजेची धार परत आली, आणि मग गाणं संगणकात उतरवलं. मास्तर ज्याला ‘भरलेला आवाज’ म्हणतात त्याचं कारणही ऐकू आलं. टेपवरचे चुंबकीय कण एका मर्यादेपर्यंतच भारले जातात. ढोलकीची थाप त्या मर्यादेला भिडली की तिचं टोक गोल होतं आणि आवाज दाटतो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलपर्यंत सगळं स्वच्छ, त्यापुढे टोक सपाट छाटलं जातं आणि कानाला ओरखडा उठतो.

सकाळी १०
टेम्पो आला. बेंजो, ढोलकी, ताशा, ढोल, ऑक्टापॅड, कॅसिओ. आपल्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य. त्याचा पूर्वज ताइशोगोतो जपानमधल्या नागोयात १९१२मध्ये तयार झाला. हिंदुस्थानात तो बुलबुलतरंग झाला आणि मुंबई-ठाणे-रायगडात त्याला पिकअप लावून पोरांनी त्याची इलेक्ट्रिक गिटार करून टाकली. रवी जाधवांचा २०१६चा ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा याच वादकांवर होता. रॉक बँडमध्ये लीड गिटारचं जे स्थान, तेच हळदीत बेंजोचं.

चहा होईपर्यंत वाद सुरू झाला. मास्तर म्हणाले, ‘टेपवरच घे ना रं. या मशिनीत आवाज बारीक लागतं.’ कॅसिओवाला नातू म्हणाला, ‘आजोबा, आता टेप कोण वापरतं?’

वापरतात. फू फायटर्स या अमेरिकन बँडने २०११चा ‘वेस्टिंग लाइट’ हा अल्बम आपला गायक डेव्ह ग्रोल याच्या घराच्या गॅरेजमध्ये टेपवरच रेकॉर्ड केला. पण त्या थाटाचा हिशेब असा: दोन इंची, चोवीस ट्रॅकची टेप २,५०० फूट लांब. सेकंदाला ३० इंच वेगाने ती सुमारे साडेसोळा मिनिटांत संपते. वेग निम्मा केला तर वेळ दुप्पट मिळतो. मशीन मिळालं तरी त्याची हेडं घासलेली असतात आणि ती जुळवणारा माणूस शोधावा लागतो. त्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा. टेपवरचे कण धरून ठेवणारा लेप पाणी शोषतो. १९७०-८०च्या दशकांतल्या कित्येक टेप त्यामुळे चिकट झाल्या. त्या वाजवण्याआधी साधारण ५५ अंशांवर तासन्‌तास शेकाव्या लागतात.

मास्तरांनी हे ऐकून घेतलं आणि मुद्द्यावर आले. ‘मशीन तुजी कंची पन असू दे. तुकरं तुकरं नको. सगली एकदम वाजवू.’

सकाळी ११:३०
म्हणजे त्यांचं भांडण हार्ड डिस्कशी नव्हतंच. गेल्या खेपेला दुसऱ्या एका ठिकाणी ढोलकी सोमवारी आणि बेंजो गुरुवारी घेतला होता, तोही कानात टिकटिक लावून. हळदीचा ठेका शेवटाकडे आपसूक चढतो. टिकटिक तो चढू देत नाही.

त्यामुळे आज मेट्रोनोम बंद. सगळे एका खोलीत, ढोल दारापाशी, बेंजोचा अ‍ॅम्प जाड गोधडीआड. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणार, ते मान्य. त्याची किंमत एवढीच की नंतर एखादं वाद्य एकटं काढून दुरुस्त करता येणार नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास, म्हणजे ताशा उसळला तरी वर जागा उरते. टेपवर सळसळ झाकायला पातळी चढी ठेवावी लागे, इथे ती गरज नाही.

दुपारी १२:३०
एक नियम ठरला. प्रत्येक गाण्याचे तीनच टेक, निवड आजच्या आज. पहिल्या टेकमध्ये सगळे जपून वाजवत होते. दुसऱ्यात मास्तरांनी मध्येच ढोलकीवाल्याकडे पाहून भुवई उडवली आणि ठेका पेटला. तिसरा बिनचूक झाला.

दुपारी २
तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. नातवाला वाटत होतं, मी आजोबांच्या बाजूचा. त्याला मुंबईच्याच इंडस क्रीडची गोष्ट सांगितली. १९८४च्या सुमारास रॉक मशीन नावाने सुरू झालेल्या या बँडचा ‘इव्हॉल्व्ह’ २०१२मध्ये आला, आधीच्या १९९५च्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी. त्याचं मिक्सिंग परदेशातल्या टिम पामर या नामांकित ध्वनितंत्रज्ञाने केलं. फाइलींमुळे असा दूरचा कानही कामाला लावता येतो. तेव्हा डिजिटलला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त त्यात निर्णय हवा तितका पुढे ढकलता येतो, आणि गाणं तिथेच मरतं.

दुपारी ४
बायकांचा कोरस. एका ओळीत शब्द चुकला. तेवढीच ओळ पुन्हा गाऊन बसवली. ही सोय टेपवरही होती. मात्र तिथे बटण वेळेत दाबलं नाही तर शेजारची चांगली ओळ पुसली जायची. इथे चूक मागे घेता येते. मधेच वीज गेली, पण यूपीएसमुळे फाइल वाचली.

सायंकाळी ६
मिक्स. टेपचा दाटपणा देणारं सॉफ्टवेअर फक्त ढोलकी आणि ढोलावर लावलं. बेंजोवर लावून पाहिलं तर बटणांची खटखट बोथट झाली, म्हणून काढलं. नकली सळसळ कशावरच नाही. मग तेच गाणं मोबाइलवर, टेम्पोतल्या स्पीकरवर आणि शेवटी डीजेच्या टॉप स्पीकरवर ऐकलं. ज्या मांडवासाठी गाणं आहे, तिथे ते कसं वाजतं याला माझ्या महागड्या स्पीकरपेक्षा जास्त किंमत.

रात्री ८:३०
निवड. नातवाचं मत तिसऱ्या टेकला, कारण त्यात एकही चूक नाही. मास्तरांचं दुसऱ्याला. दुसऱ्यात बेंजोचा एक सूर निसटला आहे, आणि त्याच्याच पुढच्या मात्रेला सगळी पार्टी उसळली आहे. नातवाने विचारलं, ‘दुसऱ्या टेकमध्ये तिसऱ्यातला तो सूर चिकटवता येईल?’ ठेका दोन्हीकडे वेगळ्या जागी चढला आहे आणि प्रत्येक माइकमध्ये सगळी पार्टी आहे, सांधा दिसेल. मास्तर म्हणाले, ‘निसटला तं निसटला. बाकीचं पुसून टाक.’

नातवाने तेवढ्यात मोबाइल काढून तिसऱ्याचा थोडा भाग टिपून घेतला. मास्तरांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. त्यांच्यासमोर पहिला आणि तिसरा टेक पुसला. राहिलेल्या एकाच्या तीन प्रती केल्या: एक इथल्या डिस्कवर, एक क्लाउडवर, एक मास्तरांच्या पेनड्राइव्हवर. उद्या दहाला दुसरं गाणं, आणि त्यालाही टेक तीनच.