बालवाडीची चटई कोणी विणली?

अंगणवाडीच्या भिंतीवरचा ‘माझे घर’ हा तक्ता आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कौलारू घर, दारात तुळशीवृंदावन, आजी पोथी वाचते आहे, बाबा बॅग घेऊन ऑफिसला निघालेत. वीटभट्टीवरून आलेले तीन वर्षांचे पोर त्या तक्त्यात आपले घर शोधते. त्याला ते सापडत नाही. मग बाई म्हणतात, हे पोरगं बोलतच नाही. वाचकहो, मंद कोण? ते पोर की तो तक्ता?

हा प्रश्न न्यूझीलंडच्या माओरी समाजाने विचारला आणि तडीस नेला. तिथे १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळा इंग्रजीच्या ताब्यात गेल्या. मायबोलीतून बोलले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी मार खाल्ला. १९७० च्या दशकापर्यंत घरात माओरी बोलणारी मुले शोधावी लागत होती. तेव्हा समाज सरकारकडे नुसते अर्ज करून थांबला नाही. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे पहिले ‘कोहांगा रेओ’ उघडले. म्हणजे भाषेचे घरटे. तिथे शिकवणारी कोण? आजी! पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. पण भाषा, गाणी, पूर्वजांची नावे तोंडपाठ. जागा बहुधा समाजाच्या सभास्थानाची. तीन वर्षांत अशी शेकडो घरटी उभी राहिली.

पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने सर्व बालवाड्यांसाठी अभ्यासक्रम लिहायला काढला. मार्गरेट कार आणि हेलन मे या दोन गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ त्यावर नेमल्या गेल्या. त्या घरट्यांच्या संस्थेकडे गेल्या. संस्थेने आपल्या वतीने टिली आणि टामाटी रीडी यांना बसवले. सल्ला द्यायला नव्हे, लिहायला. १९९६ साली ‘ते फारिकी’ प्रसिद्ध झाला. फारिकी म्हणजे विणलेली चटई. त्यातला माओरी भाग इंग्रजीचा तरजुमा नाही, तो स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. त्याच्या पाचही धाग्यांच्या नावांत ‘माना’ हा शब्द येतो. माना म्हणजे प्रतिष्ठा, अधिकार. भाषेची माना, भूमीशी असलेल्या नात्याची माना. पोर जन्मतःच प्रतिष्ठा घेऊन येते, शाळेने ती जपायची, हा त्याचा अर्थ. आमच्याकडे पोर जन्मतः काय घेऊन येते, हे वेगळे सांगायला नको.

तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. याच घरट्यांकडे सरकारने दुर्लक्ष केले, असा ठपका वैतांगी न्यायाधिकरणाने २०१२ च्या अहवालात ठेवला. पण भांडायला त्यांच्या हातात स्वतःचा लिहिलेला कागद होता.

आता आपल्याकडे पाहू. २०२२ साली तीन ते आठ वयोगटासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात खेळातून शिक्षण आहे, घरच्या भाषेचा आग्रह आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र बालविकासाची भारतीय कल्पना म्हणून त्यात पंचकोश मांडला आहे, तो तैत्तिरीय उपनिषदातला. ज्या ग्रंथांचा उच्चार कानी पडणेही आमच्या पूर्वजांना गुन्हा होता, ते आज आमच्या पोरांची संस्कृती कसे झाले? न्यूझीलंडनेही संस्कृती अभ्यासक्रमात आणली. ती दडपल्या गेलेल्यांची होती, आणि त्यांनीच लिहिली. इथे दडपणाऱ्यांचीच संस्कृती पुन्हा राष्ट्रीय म्हणून आली. दोन्हीला एकच नाव द्यायचे?

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शेतीची आणि आरोग्याची माहिती प्राथमिक शिक्षणात मागितली होती. शिक्षकही शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, असे बजावले होते. काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे, हे दोन प्रश्न त्यांनी तोडले नाहीत.

सरकारकडे मागणी करायचीच आहे. पण माओरी आज्या थांबल्या नाहीत, हेही खरे. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे. रविवारी वंदना होते. आठवड्याचे उरलेले दिवस अनेक ठिकाणी दाराला कुलूप असते. आणि जात्यावरच्या ओव्या, भीमगीते, चवदार तळ्याची गोष्ट मुखोद्गत असणाऱ्या आज्या दुपारी ओट्यावर बसून असतात. रोज सकाळी दोन तास, पंधरा-वीस पोरे, दोन आज्या आणि एक शिकलेली मुलगी. विहार समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.