पडद्याची जागा

२०१६ च्या जून महिन्यात स्वीडनमधील गोथेनबर्गच्या हॅसलब्लॅड कंपनीने ‘एक्स-वन-डी’ हा आरसाविरहित मीडियम फॉरमॅट कॅमेरा जाहीर केला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोलोन येथील फोटोकिना प्रदर्शनात जपानच्या फुजीफिल्मने ‘जीएफएक्स ५०-एस’ची घोषणा केली, तेव्हापासून या दोन घराण्यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद छायाचित्रकारांच्या मंडळीत अखंड चालू आहे. वादाचा बहुतेक भर मेगापिक्सेलवर असतो, आणि नेमकी तीच बाब निर्णयाला सर्वांत कमी उपयोगाची आहे. कारण दोन्ही कॅमेऱ्यांतील सेन्सर सोनीने घडवलेला, ४३.८ गुणिले ३२.९ मिलिमीटर मापाचा आणि सुमारे पाच कोटी बिंदूंचा होता. नेहमीच्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरच्या १.६७ पट क्षेत्रफळाचा हा आकार जुन्या १२० फिल्मवरील ६४५ चौकटीहून मात्र बराच लहान आहे, हे ‘मीडियम फॉरमॅट’ या भारदस्त नावाने भारावून जाणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

खरा भेद शटरच्या, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या पडद्याच्या, जागेत आहे. फुजीफिल्मने शटर कॅमेऱ्याच्या धडात, सेन्सरच्या अगदी पुढ्यात बसवले. हॅसलब्लॅडने ते प्रत्येक लेन्सच्या पोटात ठेवले. या निर्णयामागे हॅसलब्लॅडचा जुना अनुभव उभा आहे. व्हिक्टर हॅसलब्लॅड यांनी १९४८ साली बाजारात आणलेल्या ‘१६००-एफ’ कॅमेऱ्यात पडदा धडातच होता. परंतु ती यंत्रणा नाजूक ठरली, आणि १९५७ च्या ‘५००-सी’पासून शटर लेन्समध्ये गेले. पुढे त्याच वंशातील कॅमेरे अपोलो मोहिमांतून चंद्रावर पोहोचले.

जागेच्या या फरकाने व्यवहारात काय घडते, ते एका उदाहरणाने पाहू. भर दुपारच्या लख्ख उन्हात एखाद्या नववधूचे छायाचित्र घ्यावयाचे आहे. चेहऱ्यावरील सावल्या फ्लॅशने उजळावयाच्या आहेत आणि पाठीमागचा पसारा धूसर करावयाचा आहे. आयएसओ १०० वर अशा उन्हाचा हिशेब ढोबळमानाने एफ-१६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग असा येतो. पार्श्वभूमी विरघळावी म्हणून छिद्र एफ-४ पर्यंत उघडले, तर प्रकाश सोळापट वाढतो आणि शटरला २००० व्या भागापर्यंत धाव घ्यावी लागते. जीएफएक्सच्या धडातील पडदे फ्लॅशशी १२५ व्या भागापर्यंतच जुळतात. त्याहून वेग वाढवला की सारा सेन्सर एकाच क्षणी उघडा राहत नाही, दोन पडद्यांमधली चीर तेवढी सरकत जाते आणि फ्लॅशच्या एका झोताचा उजेड चौकटीच्या एका पट्ट्यावरच पडतो. हॅसलब्लॅडच्या लेन्समधील पाकळ्या मात्र मध्यापासून कडेकडे उघडतात, म्हणून २००० व्या भागालाही फ्लॅशचा प्रकाश सर्व चौकटीभर सारखा पोहोचतो. फुजीफिल्म वापरणाऱ्याला हेच काम लेन्सपुढे काळसर फिल्टर लावून, किंवा फ्लॅशची बरीच शक्ती खर्ची घालणारी हाय-स्पीड पद्धत स्वीकारून करावे लागते.

परंतु या मोकळिकीची किंमत हॅसलब्लॅडच्या ग्राहकाला प्रत्येक लेन्सगणिक मोजावी लागते. दोन्ही घराण्यांची ८० मिलिमीटरची लेन्स शेजारी ठेवून पाहावी: फुजीफिल्मची एफ-१.७ लेन्स ७९५ ग्रॅमची, तर हॅसलब्लॅडची एफ-१.९ लेन्स १०४४ ग्रॅमची. धडात शटर नसल्यामुळे दुसऱ्या घराण्याची जुनी लेन्स एक्स-वन-डीवर जोडली, तर इलेक्ट्रॉनिक शटरवर भिस्त ठेवावी लागते. हे शटर सेन्सर इतक्या सावकाश वाचते की चालत्या माणसाची आकृती वाकडी होते. फुजीफिल्मच्या धडावर अशी लेन्स विनातक्रार चालते.

विशेष म्हणजे हे प्रतिस्पर्धी एके काळी भागीदार होते. हॅसलब्लॅडचा १९९८ चा रुंद चौकटीचा ‘एक्सपॅन’ फुजीने घडवला होता आणि जपानात तो ‘टीएक्स-वन’ या नावाने विकला जाई. हॅसलब्लॅडच्या २००२ च्या ‘एच-वन’ कॅमेऱ्याच्या लेन्सही फुजिनॉनच्याच होत्या, आणि त्यांत शटर बसवलेले होते. म्हणजे लेन्समध्ये शटर बसवण्याची विद्या फुजीला पुरती अवगत होती, आणि जीएफएक्समध्ये या कंपनीने तो मार्ग जाणूनबुजून सोडला, असेच म्हणावे लागते.

पुढील वाटचालीत दोघांनीही दहा कोटी बिंदूंचा पल्ला गाठला: फुजीफिल्मने २०१९ च्या ‘जीएफएक्स १००’मध्ये, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेसह, आणि हॅसलब्लॅडने तीन वर्षांनी ‘एक्स-टू-डी’मध्ये, एक टेराबाइटची साठवण धडातच देऊन. फुजीफिल्मने चलच्चित्रणाचीही सोय वाढवत नेली. एक्स-टू-डीमध्ये ती मुळीच नाही. त्या कॅमेऱ्याचे मिताक्षरी, मोजक्या कळांचे धड आणि शांत रंग मला स्वतःला अधिक भावतात, परंतु आवड हा निवाड्याचा आधार होऊ शकत नाही.

निवाडा असा: उघड्यावर फ्लॅश घेऊन माणसे टिपणे हाच ज्याचा चरितार्थ आहे, त्याने हॅसलब्लॅडचा खर्च सोसावा, निसर्गदृश्ये, वास्तू, चित्रांच्या व दस्तऐवजांच्या प्रतिकृती आणि चलच्चित्रण अशी संमिश्र कामे करणाऱ्याने फुजीफिल्म घ्यावा. आणि लाखोंचा सौदा पक्का करण्यापूर्वी दोन्ही कॅमेरे एखाद्या दिवसापुरते भाड्याने घेऊन, स्वतःच्याच फ्लॅशने, भर दुपारी, उन्हात तपासून पाहावेत.