दावणीवरचे वर्ष

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोसळून बहुतांशी रिता झालेला नैर्ऋत्येचा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता ज्या भूप्रदेशात केवळ नावापुरता उरतो, आणि सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवा जेथे एकमेकींना भिडतात, तो माणगंगेच्या काठचा मुलूख म्हणजे माणदेश. वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरीने पडणारा पाऊस, मुरमाड माळ, खुरटे गवत आणि जिराईत जमीन एवढ्या सामग्रीवर या मुलखाने जो गोवंश घडविला तो खिलार. अंगाने आटोपशीर, कातडीने घट्ट, खुरांनी काळा व कणखर, तोंडाने निमुळता आणि मागे वळून टोकदार होत गेलेल्या लांब शिंगांचा हा बैल ओझ्यापेक्षा चालीसाठी अधिक नावाजला. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा एक महाल होता, आणि या जातीच्या जुन्या वर्णनांत ‘आटपाडी महाल’ हे खिलाराच्या एका उपप्रकाराचे नावच होऊन बसलेले आढळते.

या बैलाची कीर्ती जत्रेत आणि शर्यतीच्या माळावर गाजते. तो घडतो मात्र घरात, आणि घडविणारे हात बहुतांशी घरातील स्त्रियांचे असतात, ही गोष्ट खिलाराविषयी लिहिणाऱ्यांनी जितकी सांगावयास हवी होती तितकी सांगितलेली नाही. खिलार गाय दिवसाला दोन-तीन लिटरांपलीकडे क्वचितच दूध देते, आणि वासरू पुढ्यात उभे केल्याखेरीज सहसा पान्हाही सोडीत नाही. तिच्या पोटी खोंड जन्माला आला असेल तर ते दूधही जवळजवळ सगळे खोंडाचेच. घरच्या चहाला दाराशी शेळी असते; अलीकडे पुष्कळ घरांत एखाददुसरी संकरित गाय असते, तिचे दूध डेअरीला जाते आणि त्या दुधाच्या पैशातून खिलाराची सरकी-पेंड येते. शाळकरी पोरे कोरा चहा पीत आहेत आणि पलीकडे खोंड सडांना ढुसण्या देतो आहे, हे दृश्य परमुलखातील माणसाला चमत्कारिक वाटेल. परंतु तीन वर्षांनी उभ्या राहणाऱ्या खोंडाच्या किमतीतून ज्या घराला मुलीचे लग्न, विहिरीचे राहिलेले काम किंवा सोसायटीची थकबाकी उरकावयाची असते, त्या घराने रोज सकाळी घेतलेला तो पूर्ण विचारांतीचा निर्णय असतो. आणि कोणाच्या वाट्याचे किती दूध कोठे जावे हे ठरविणारी, आणि ठरविल्यानंतर पोरांच्या तोंडाकडे पाहणारी, घरातली बाईच असते.

माणदेशातील जुन्या माळवदी घरांत जनावरे आणि माणसे एकाच छपराखाली राहत. पुढच्या सोप्यात दावण आणि आत माजघर, अशी ती रचना. रात्री गाईने अंग टाकले किंवा दावे ओढले तरी आतल्या माणसाला जाग यावी हा तिचा हेतू, आणि गाय व्यायला झाली म्हणजे त्या हेतूचे महत्त्व विशेष जाणवते. गाईची गर्भावस्था सुमारे २८० ते २८५ दिवसांची, म्हणजे लोकव्यवहारातले नऊ महिने नऊ दिवस. कास तटतटू लागली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले, वैरणीवरचे चित्त उडून गाय सारखी ऊठबैस करू लागली, की थोरली सासू कंदील, आणि आता विजेरी, उशाशी घेऊन निजते. वासरू भुईवर आले की त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसणे, ते गाईला चाटू देणे, तासा-दीड तासाच्या आत ते उठून सडाला लागते की नाही हे पाहणे, आणि बारा तासांच्या आत वार पडली की कुत्र्याने ओढून नेण्यापूर्वी ती खोल पुरणे, ही सगळी कामे ज्या निगुतीने होतात ती पुस्तकात वाचून येणारी नव्हे. पहिला चीक वासराच्याच पोटात गेला पाहिजे, हा दंडक पशुवैद्यकशास्त्राशीही तंतोतंत जुळतो. कारण गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात असताना वासराला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि वासराच्या आतड्याची ती जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती पहिल्या दिवसाभरातच लोपते. वासराचे पोट भरल्यावर जो चीक उरेल त्याचा खरवस शेजारीपाजारी जातो.

मृग लागण्याच्या सुमारास, माळावर हिरवी लव येण्यापूर्वीच, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घेण्याची लगबग असते, कारण पावसाबरोबर येणारे हे रोग उपचाराला फार थोडी सवड देतात. पेरण्या आटोपल्या की आषाढात बेंदूर येतो. महाराष्ट्राच्या इतर भागांत श्रावणाच्या किंवा भाद्रपदाच्या अमावास्येला पोळा होतो. माणदेशाचा मान बेंदराला. आदल्या दिवशी खांदमळणी होते, म्हणजे जुवाखाली घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते. दुसऱ्या दिवशी शिंगे साळून रंगवावयाची, त्यांना बेगड लावावयाची, अंगावर झूल घालावयाची, पुरणपोळीचा घास भरवावयाचा, आणि सायंकाळी वाजतगाजत कर तोडावयाची. त्या दिवशी बैलाला ओवाळणारी सुवासिनी ही त्याला चिकाच्या पहिल्या घोटापासून ओळखत असते, आणि तिच्या हातचा घास घेताना एरवीचा तापट बैलही शिंग हलवीत नाही, हे मी अनेक दारांत पाहिले आहे.

शरद ऋतू कामात बुडालेला असतो. हस्ताच्या पावसावर शाळूची पेरणी साधावयाची असते, बैलांना विसावा नसतो, आणि त्यांचा खुराक वाढवावा लागतो. भरडलेले हुलगे भिजवून देण्याची चाल येथे जुनी आहे. वसुबारसेला गाय-वासरू पुजले जाते आणि दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव मांडले जातात. गोठ्याच्या दृष्टीने खरे पर्व त्यानंतर सुरू होते.

कार्तिकी वारीच्या सुमारास पंढरपूरजवळ वाखरीचा जनावरांचा बाजार भरतो, मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, पौषात आणि पुन्हा चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाची. सांगोल्याचा आठवडी बाजार तर दर रविवारचाच. या बाजारांसाठी महिना-महिना आधी घर तयारीला लागते. खोंडाला रोज धुणे, खरारा करणे, चालीची सवय राहावी म्हणून पहाटे फिरविणे, वेसणीची जखम नीट भरली आहे ना हे पाहणे. बाजारात पारखी गिऱ्हाईक आधी दात पाहते. पक्के दात न आलेला तो आदत. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, पुढे सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेला. पहिले दोन पक्के दात साधारणतः दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात, त्यामुळे तोंड उघडले की वय लपविता येत नाही. मग अंगावरचे भोवरे पाहिले जातात, शिंगांची ठेवण, पायांतील अंतर, शेपटीचा गोंडा. हेडे मध्ये पडतात. भाव उघड बोलला जात नाही; दोघांच्या हातांवर उपरणे टाकून बोटे दाबून तो कळविला जातो, पटले की विसार दिला जातो आणि बाजार समितीची पावती फाटते.

त्या पावतीवर विकणाऱ्याचे म्हणून नाव येते ते घरच्या कर्त्या पुरुषाचे. व्यवहार त्याने केला, तो रात्रभर थंडीत पालात जागला, हे खरेच आहे, आणि त्याचे श्रम कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु गिऱ्हाइकाने ज्या तकाकीवर, ज्या भरलेल्या पुठ्ठ्यावर आणि ज्या शांत नजरेवर भाव वाढविला, ती तीन पावसाळे, तीन हिवाळे आणि तीन उन्हाळे पहाटे शेणघाण काढणाऱ्या, शेणी थापणाऱ्या, वैरण-पाणी पाहणाऱ्या आणि आजारपणात कण्या शिजवून भरविणाऱ्या बाईची कमाई असते; त्या श्रमाची नोंद ना बाजाराच्या दप्तरात होते ना गावच्या.

माघ-फाल्गुनात शाळू काढला की धान्यापेक्षा कडब्याची चिंता अधिक वाहिली जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या भागात मालदांडी हे वाण इतके दिवस टिकून राहिले त्याचे एक मोठे कारण त्याचा उंच, गोड कडबा हेच आहे. हिशेब साधा आहे: ४०० किलो वजनाच्या जनावराला दिवसाला ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते, म्हणजे वर्षाची सुमारे ३ टन, दावणीला एक जोडी आणि एक गाय असेल तर ९ टन. गंज रचून झाली की घरचे म्हातारे माणूस तिच्याकडे एकवार पाहून ती कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल हे सांगते, आणि ते गणित ज्येष्ठापूर्वी संपणारे निघाले तर घरातील बोलणे त्या दिवसापासून कमी होते.

कारण हा दुष्काळाचा मुलूख आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वृद्धांच्या तोंडून अजून ऐकावयास मिळतात, आणि २०१२-१३ मध्ये पुन्हा माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या तालुक्यांत जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. छावणी म्हणजे जनावरांच्या सोयीची जागा, एवढाच अर्थ शासकीय कागदावर असतो. प्रत्यक्षात ती कुटुंबाची फाळणी असते. जनावरांबरोबर कोणीतरी राहिलेच पाहिजे, म्हणून एक जोडपे, किंवा सासू आणि एखादे नातवंड, साड्या-पोत्यांचे पाल ठोकून महिनोन् महिने तेथे राहते, चूल तेथेच पेटते, आजारपणे तेथेच काढली जातात, आणि उरलेले घर पाण्याच्या टँकरवर डोळे लावून गावात बसते. म्हसवडच्या छावणीत त्या वर्षी हजारो जनावरांभोवती असाच माणसांचा गाव वसला होता. चारा म्हणून मिळतो तो बहुधा ऊस किंवा उसाचे वाढे. वाढ्याने पोट भरते, परंतु त्यातील ऑक्सॅलेट अन्नातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यावर राखलेल्या जनावराला खनिज मिश्रण दिले नाही तर ते हळूहळू खंगते. एवढे सोसून जनावर जगविण्यापेक्षा विकून का टाकत नाहीत, असा प्रश्न शहरातून येतो. दुष्काळात सगळेच विकावयास निघतात तेव्हा भाव मातीमोल होतो, आणि पाऊस पडल्यावर तेच जनावर दुप्पट-तिप्पट दामाने घ्यावे लागते, हे त्याचे व्यवहारी उत्तर. दुसरे उत्तर असे की ज्या गाईची आई आणि आजी याच दावणीला होत्या, तिचा वंश बाजारातून परत आणता येत नाही.

गेल्या काही दशकांत या वर्षचक्राचे आस ढळले आहेत. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोहोचले आणि त्याआधीपासून डाळिंबाच्या बागा पसरल्या, त्यामुळे शाळूचे आणि कडब्याचे क्षेत्र आक्रसले. शेतीतून बैल सुटल्यावर खोंडाचे गिऱ्हाईक मुख्यतः शर्यतीचे उरले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या तेव्हा खोंडांचे भाव कोसळले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रातील शर्यतींना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, तसे नामांकित खोंड पुन्हा लाखांच्या घरात गेले. शर्यतीत जनावराला मारहाण किंवा दाबदडप होता कामा नये, याविषयी न्यायालयाने घातलेल्या अटी मनापासून पाळल्या जाव्यात असे खिलार सांभाळणारी घरेही म्हणतात, कारण लेकरासारखे वाढविलेले जनावर चाबकाखाली पाहणे त्यांनाच सर्वांत जड जाते. मध्यंतरी २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग आला, बाजार आणि शर्यती काही काळ बंद राहिल्या, आणि डास-गोमाश्यांना हटविण्यासाठी गोठ्यागोठ्यांतून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करीत बायकांनी रात्री काढल्या.

माझी चिंता शर्यतीच्या बाजूने वा विरुद्ध नाही. ती गाईविषयी आहे. शर्यतीचा भाव खोंडाला मिळतो, आणि शंभरांतून थोड्यांनाच. कालवडीला तो मिळत नाही, म्हाताऱ्या होत चाललेल्या गाईला तर मुळीच नाही, आणि तिचे पहिले वेत चार वर्षांच्या आसपास येत असल्याने तोवरची पोसणूक घराच्या अंगावर पडते. जेथे कुटुंब लहान झाले, सून नोकरीस लागली किंवा मुले पुण्या-मुंबईला गेली, तेथे दावणीवरून सर्वप्रथम हीच गाय उतरते आणि खोंड मात्र बाजारातून विकत आणला जातो. हे असेच चालले तर विकत आणावयास खोंड येणार कोठून? शुद्ध गाय राखणाऱ्या घराला तिच्या प्रत्येक वेताला काही ठरावीक अनुदान मिळावे, यात्रांतील प्रदर्शनांत खोंडाइतकेच मोठे बक्षीस गाईला आणि कालवडीला असावे, आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याबरोबर होणाऱ्या सरकारी नोंदीत मालक म्हणून ती गाय प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या बाईचे नाव लागावे, एवढ्या तीन गोष्टी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने आणि यात्रा समित्यांनी मनावर घेतल्या तर पुढच्या पौषात खरसुंडीच्या माळावरच त्यांची सुरुवात करता येईल.