विश्लेषण : गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटला… तो दुरुस्त होतो का?

मेटॅलिका या अमेरिकी बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम सप्टेंबर २००८ मध्ये आला आणि लगेचच चाहत्यांची तक्रार सुरू झाली : गाणी दमदार आहेत, पण आवाज फाटतो आहे. तक्रारीला पुरावाही होता. हीच गाणी ‘गिटार हिरो ३’ या व्हिडीओ गेमसाठी उपलब्ध झाली होती आणि गेममधला आवाज सीडीपेक्षा कितीतरी मोकळा होता. अल्बम नव्याने तयार करावा, या मागणीच्या ऑनलाइन याचिकेवर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचे म्हणणे असे होते, की गाणी त्यांच्याकडे आली तेव्हाच आवाज मर्यादेपर्यंत ठासून भरलेला होता.

मेटॅलिकाच्या बाबतीत हे आवाज मोठा करण्याच्या नादात घडले. घरी ऑडिओ इंटरफेस लावून गिटार रेकॉर्ड करणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेकदा गेनचा नॉब जरा जास्त फिरल्याने घडते. टेक मनासारखा जमतो, आणि ऐकायला बसल्यावर प्रत्येक जोरकस स्ट्रोकला चरचर ऐकू येते.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे नेमके काय?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. सीडीच्या दर्जात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या आकड्यांतच बसवावी लागते. लहर त्याहून उंच गेली, तर यंत्र शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा लिहिते. स्क्रीनवर लहरीचा गोलसर माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. म्हणजे एका कंपनाच्या वाट्याला सुमारे ५३८ मोजण्या येतात. त्यातल्या तीस-चाळीस सपाट झाल्या, तर तेवढी माहिती फाइलमध्ये नाहीच. ती कुठे दडलेली नाही. लिहिलीच गेलेली नाही. म्हणून नंतर व्हॉल्यूम कमी करून काही साधत नाही. कापलेला माथा कापलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. ट्रेबल कमी केल्यास चरचर थोडी झाकली जाते, पण तारेची चमकही तिच्याबरोबर जाते.

पण इलेक्ट्रिक गिटारला फाटलेलाच आवाज हवा असतो ना?

हवा असतो, पण वेगळ्या तऱ्हेचा. ‘द किंक्स’ या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’साठी अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कोनच ब्लेडने चिरला होता. मात्र व्हॉल्व्हचा अॅम्प लहरीचे माथे हळूहळू गोल करत दाबतो आणि पुढे गिटारचा स्पीकर वरचे तीक्ष्ण सूर बऱ्याच अंशी गाळतो. डिजिटल यंत्राकडे असला हळुवारपणा नाही. मर्यादेपर्यंत सगळे ठीक आणि पुढे एकदम कात्री. अकूस्टिक गिटारवर तर हे लपतच नाही.

फाटले कुठे, हे आधी पाहा

दुरुस्तीचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा शोध घेतला, तर कधी कधी दुरुस्तीची गरजच उरत नाही. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचा मीटर लाल होत असेल, पण मूळ फाइलमधील लहरीचे माथे शाबूत असतील, तर नुकसान झालेले नाही. बहुतेक आधुनिक सॉफ्टवेअर आतले गणित ३२ बिट फ्लोट किंवा त्याहून वरच्या पद्धतीने करतात. त्यात आकडा मर्यादेबाहेर गेला तरी कापला जात नाही. फेडर खाली घ्या आणि फाइल पुन्हा एक्स्पोर्ट करा, एवढेच काम.

इंटरफेसच्या प्रीअॅम्पमध्ये किंवा अॅनालॉगचे डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आवाज फाटला असेल, तर मात्र तो खरोखर गेला. इथे लाल दिव्यावर विसंबू नये. फाटल्यानंतर कोणी लेव्हल कमी केली असेल, तर मीटर हिरवाच दिसतो. लहर मोठी करून सपाट माथे डोळ्यांनी पाहणे, हाच खात्रीचा उपाय.

सॉफ्टवेअर हरवलेला माथा आणते कुठून?

अंदाजाने. पण हा अंदाज हवेतला नसतो. तारेचे कंपन बऱ्यापैकी शिस्तीचे असते : मूळ सूर, त्याचे वरचे स्वरांश आणि हळूहळू विरत जाणारी उंची. आजूबाजूच्या शाबूत मोजण्यांवरून मधल्या मोजण्या गणिताने काढता येतात. यान्सेन, फेल्डहाउस आणि फ्रीस या संशोधकांनी १९८६ मध्ये हरवलेल्या मोजण्या भरून काढण्याची अशी पद्धत मांडली होती. क्लिपिंगमध्ये आणखी एक दुवा मिळतो : खरा माथा कापलेल्या रेषेच्या वरच असणार, खाली नाही.

मोफत मिळणाऱ्या ‘ऑडॅसिटी’तील ‘क्लिप फिक्स’ दोन्ही बाजूंच्या उतारांवरून मधला माथा वक्र रेषेने जोडते. आयझोटोप आरएक्समधील ‘डी-क्लिप’ आणि अडोबी ऑडिशनमधील ‘डीक्लिपर’ ही याच कामाची विकतची साधने. अधूनमधून एखादा माथा कापला गेला असेल, तर फाटल्याचा पत्ताही लागणार नाही इतके रफू जमते.

अडचण गिटारच्या स्वभावात आहे. आवाज सर्वांत मोठा असतो तो पिक तारेवर आदळल्यानंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत, आणि नेमका तोच भाग सर्वांत बेशिस्त असतो. तिथे सूर कमी, ठोका जास्त. म्हणजे जिथे फाटण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच अंदाज सर्वांत कच्चा. म्हणूनच दुरुस्तीनंतर लांबलेले सूर छान वाटतात, पण स्ट्रमिंगचा मारा बोथट झालेला जाणवतो.

दुरुस्ती कधी आणि कशी?

सर्वांत आधी. ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब यांपैकी काहीही लावण्यापूर्वी. सपाट माथा ही सॉफ्टवेअरसाठी खूण असते. प्रक्रिया झाल्यावर ती पुसट होते. एमपीथ्री केल्यावर किंवा आवाजाची फाइल दाबून पाठवणाऱ्या अॅपमधून गेल्यावरही तेच होते. त्यामुळे मित्राकडून दुरुस्त करून घ्यायचे असेल, तर मूळ वेव्ह फाइल ड्राइव्हवर टाकून द्यावी. नवे माथे जुन्या मर्यादेच्या वर जाणार असल्याने लेव्हल आधी किंवा त्याच टप्प्यात खाली आणावी लागते. सहा डेसिबल कमी केल्यास लहरीची उंची साधारण निम्मी होते. बहुतेकदा तेवढी जागा पुरते. पूर्ण ट्रॅक सरसकट साधनात घालू नये. फाटलेला तुकडाच निवडावा.

अनुभवी साउंड इंजिनीअर पुष्कळदा या गणिताच्या वाटेलाच जात नाहीत. तोच रिफ गाण्यात पुढे चांगला वाजला असेल, तर तिथला तुकडा उचलून इथे जोडतात. माइक फाटला, पण गिटारची थेट लाइन वेगळी आणि स्वच्छ रेकॉर्ड झाली असेल, तर ती पुन्हा अॅम्पमधून वाजवून नवा आवाज मिळवतात. आणि गिटारवादक समोरच असेल, तर सरळ दुसरा टेक घेतात. पाच मिनिटांच्या टेकसाठी दोन तास रफू करत बसणे हा शुद्ध हट्ट आहे. खरी कसोटी लागते ती पुन्हा न घडणाऱ्या वादनाची : मैफल, जुनी टेप किंवा आता हयात नसलेल्या वादकाचे रेकॉर्डिंग.

पुन्हा फाटू नये म्हणून

२४ बिट रेकॉर्डिंगमध्ये मीटर शून्याच्या जवळ नेण्याची गरज नसते. सर्वांत जोरकस भाग वाजवून पाहावा आणि माथे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवावा. सराव करताना हात हलका पडतो आणि खऱ्या टेकला जोर चढतो, हेही गृहीत धरावे. २०१९ मध्ये आलेल्या झूम एफ६ सारख्या रेकॉर्डरमध्ये दोन कन्व्हर्टर एकत्र वापरून ३२ बिट फ्लोटमध्ये नोंद होते. त्यात गेन चुकला तरी नंतर सावरता येतो. मात्र रेकॉर्डरपर्यंत पोहोचण्याआधीच, माइकमध्ये किंवा अकूस्टिक गिटारच्या पिकअपमध्ये आवाज फाटला, तर हे यंत्रही तो फाटकाच नोंदवते. पिकअपची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की नेमके हेच होते, म्हणून टेकआधी ती बदललेली बरी.