गावाकडची जागा की एमआयडीसीतला गाळा? आधी वाळूज समजून घ्या!

"सर, गावाकडे घरची दोन एकर जागा आहे. तिथेच शेड टाकू की एमआयडीसीत भाड्याने गाळा घेऊ?" वर्कशॉप असो नाहीतर ऑनलाइन बॅच, हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचा सूर असा असतो, की घरची जागा म्हणजे फुकट जागा. इथेच गाडी घसरते.

मोठ्या कंपन्या जागा कशी बघतात ते आधी पाहू. उदाहरण घेऊ छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचं. एमआयडीसीची स्थापना झाली १९६२ साली. तिचं काम साधं होतं : जमीन एकत्र करायची, प्लॉट पाडायचे, रस्ते, पाणी, वीज आणायची आणि मग उद्योजकाला म्हणायचं, या. या जिल्ह्यात आधी चिकलठाणा, मग वाळूज उभं राहिलं. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. कंपनीला लागणारा मोठा सलग प्लॉट तिथे मिळत होता आणि पाण्यासाठी जवळच जायकवाडी होतं.

आता खरा धडा बघा. बजाज आली मोकळ्या प्लॉटसाठी, पण तिच्या मागून जे लहान कारखानदार आले, ते बजाजसाठी आले. प्रेसिंग, मशिनिंग, रबर पार्ट, प्लेटिंग, पावडर कोटिंग. हळूहळू टूल रूम, भंगारवाले, टेम्पोवाले, मशीन दुरुस्त करणारे सगळे तिथे गोळा झाले. म्हणजे मोठ्या उद्योगाची पायाभूत सुविधा म्हणजे रस्ता-वीज-पाणी, आणि तुमची पायाभूत सुविधा म्हणजे हे शेजारी! रात्री मोटर जळाली तर सकाळपर्यंत रिवाइंड करून देणारा माणूस दहा मिनिटांवर असणं याची किंमत कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलेली नसते.

पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. मग दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं ऑरिक उभं राहिलं. तिथे वीज, पाणी, सांडपाण्याच्या लाइन जमिनीखालून थेट प्लॉटपर्यंत दिल्यात. त्यात शहराजवळून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तो याच भागासाठी. आणि लगेच फोन सुरू : "सर, बिडकीनजवळ जमीन घेऊन ठेवू का?"

माझं मत स्पष्ट आहे. करार म्हणजे उत्पादन नव्हे. मोठा कारखाना उभा राहायला आणि त्याच्या खरेदी विभागाने लहान व्हेंडरला दारात उभं करायला बरीच वर्षं जातात. तोवर तुमचं भांडवल जमिनीत झोपून राहणार. जमिनीत गुंतवणूक करायची असेल तर खुशाल करा, पण त्याला धंदा म्हणू नका.

समजा तुमच्याकडे पंधरा लाख आहेत. गावाकडच्या जागेत शेड, कुंपण, बोअर, रस्त्यावर मुरूम यात आठ लाख गेले. शेतीच्या फीडरवर चोवीस तास थ्री फेज मिळत नाही, म्हणून वेगळी लाइन, खांब, ट्रान्सफॉर्मर यात आणखी दोन-तीन लाख. अकृषक वापराच्या कागदपत्रांसाठीच्या फेऱ्या वेगळ्याच. मशीनसाठी उरलं काय? आणि कच्चा माल, उधारी, दोन महिन्यांचे पगार कुठून देणार? तेच महिना पंधरा-वीस हजार भाड्याचा गाळा घेतला, तर डिपॉझिट देऊनसुद्धा बहुतेक पैसा मशीन आणि मालात राहतो. धंदा नाही चालला, तर गाळा सोडता येतो. शेड सोडता येत नाही हो!

याला अपवाद आहे. तुमचा कच्चा माल शेतातच असेल, म्हणजे हळद, डाळ, गूळ, दूध, तर गावाकडची जागा उत्तम. मात्र दहा टनांचा ट्रक पावसाळ्यात दारापर्यंत येतो का, ते जुलैमध्ये जाऊन बघा. मे महिन्यात सगळेच रस्ते चांगले असतात.

पाण्याचंही असंच. संभाजीनगर शहरातले लोक वर्षानुवर्षं चार-चार, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर दिवस काढत आलेत आणि त्याच शहराच्या कडेला औद्योगिक वसाहती वाढल्या, कारण एमआयडीसीची पाण्याची लाइन वेगळी. म्हणून जिल्ह्यात पाणी आहे का, हे विचारू नका. तुमच्या गाळ्याच्या पाइपात आहे का, हे शेजारच्या वॉचमनला विचारा. मालकापेक्षा तो खरं सांगतो.

गाळा घेताना कागद मात्र नीट बघा. एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. त्यामुळे मूळ प्लॉटधारकाने पोटभाड्याची परवानगी घेतली आहे का, ते पत्र मागा. वीजबिल मागा आणि त्यावरचा मंजूर भार बघा. तुमच्या मशीनना चाळीस एचपी लागत असतील आणि भार वीसचा असेल, तर भार वाढवायचा खर्च कोण करणार हे करारातच लिहून घ्या. प्लेटिंग, डाइंग, केमिकल असलं काही असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत तुमचा उद्योग कुठे बसतो आणि त्या वसाहतीत त्याला संमती मिळते का, हे टोकन देण्याआधी तपासा, नंतर नाही.

राहिली सबसिडी. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची ए, बी, सी, डी, डी प्लस अशी वर्गवारी असते. मागास तालुक्याला जास्त लाभ. तुमचा तालुका कशात येतो ते जिल्हा उद्योग केंद्रात कळेल. पण हा पैसा आधी खिशातून खर्च केल्यावर मागून येतो. केवळ त्यासाठी गिऱ्हाइकापासून ऐंशी किलोमीटर लांब जाल, तर टेम्पोचं भाडं रोज द्यावं लागेल.

या आठवड्यात एक काम करा. तुमचा माल घेऊ शकतील अशा पाच कंपन्यांची नावं वहीत लिहा, नकाशावर खुणा करा आणि दुचाकी काढून त्या भागात एक दिवस फिरा. गाळ्याच्या बोर्डांचे फोटो काढून आणा. भाडं कसं घासायचं, ते पुढच्या व्हिडिओत बघू.