पानाच्या शिरांची छाप

बेंजामिन फ्रँकलिनने १७३९ साली पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या नोटांवर झाडाचे पान छापले, ते शोभेसाठी नव्हे. एका कारागिराने कोरलेली वेलबुट्टी दुसरा कारागीर कोरू शकतो. परंतु पानाची शीर कोठे जाड आहे, कोठे बारीक होत केसासारखी नाहीशी होते, हे हाताने हुबेहूब साधणे जवळजवळ अशक्य. म्हणून तो खरे पानच घेई. ओल्या फडक्यावरील पानाचा ठसा प्लास्टरमध्ये उमटवून त्या साच्यात खिळ्यांची धातू ओतली जाई. ही रीत त्याने गुप्त ठेवली. ती पुरती उलगडली १९६४ साली! पुढे कागदाच्या लगद्यात अभ्रकाचे चकाकते कणही मिसळले जाऊ लागले. नक्कल करणाऱ्यास मृत्युदंड, अशी धमकी नोटेवर छापलेली असेच. आम्हांस मात्र तिच्यापेक्षा हे पानच अधिक कामाचे वाटते.

१७७५ पासून स्वातंत्र्ययुद्धासाठी काँग्रेसने काढलेल्या नोटांवरही अशीच पाने होती. तरी त्यांच्या खोट्या नोटा निघाल्याच, कारण आता नक्कल करणारा एखादा भुरटा नव्हता, खुद्द ब्रिटिश पक्षच होता. त्यात काँग्रेसनेही खऱ्या नोटा इतक्या छापल्या की १७८१ पर्यंत त्या कवडीमोल झाल्या.