हाताला काम देणारा पडदा

शीतपेयाच्या स्ट्रॉचं एक टोक दातांखाली चेपायचं. चेपलेल्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरकी कात्री मारून ते निमुळतं करायचं आणि ओठांत धरून जोरात फुंकायचं. पहिल्या चार-दोन फुंकरांत नुसती हवा जाते, मग एकदम पिपाणी वाजते. ती वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून एकेक तुकडा कापत गेलं, की सूर चढत जातो. हवेचा स्तंभ आखूड झाला की आवाज उंच होतो, हे वरच्या वर्गातलं वाक्य तिसरीतलं पोर इथे स्वतःच्या कानांनी ऐकतं.

हे शिकवणारी फिल्म मिनिट-दोन मिनिटांचीच आहे. वर्गात ती लावली की संपायच्या आधीच मुलं उठतात. कुणाकडे स्ट्रॉ आहे, कात्री कुणी आणली, याची धावाधाव सुरू होते आणि पडद्याकडे कुणाचंही लक्ष उरत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचं जे साहित्य गेल्या दोन-अडीच दशकांत इंटरनेटवर आलं, त्याच्याकडे मागे वळून पाहताना मला हीच कसोटी वापरावीशी वाटते. पडद्याने मुलाला कामाला लावलं, की नुसतं बसवून ठेवलं?

ही फिल्म अरविंद गुप्तांच्या खजिन्यातली. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्याला टेल्को कंपनीत आले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला जाऊन पोहोचले. तिथे खेड्यांतल्या शाळांत मुलांच्या हातांनी विज्ञान शिकवण्याचा प्रयोग चालू होता. प्रयोगशाळेला पैसे नव्हते, म्हणून गावच्या बाजारात मिळेल ते साहित्य घ्यायचं. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांची पहिली खेळणी झाली. तीन काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण होतो, तो कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. त्यात एक तिरकी काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. पुलांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या सांगाड्यात त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढे पुण्यात जयंत नारळीकरांच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी त्यामागे होती. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कचऱ्यातून खेळणी करण्याच्या शेकडो छोट्या फिल्म केल्या, आणि त्यांतल्या कित्येकांना मराठीसह अनेक भाषांत आवाज दिला. सगळं संकेतस्थळावर फुकट, सोबत पुस्तकंही फुकट. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की दुर्गम तालुक्यातला शिक्षक त्या फिल्म पेनड्राइव्हवर उतरवून शाळेत नेऊ शकत होता आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती.

दुसरी परंपरा कॉम्प्युटरच्याच पोटातून आली. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. त्यात पडद्यावर एक कासव असतं. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ हे चारदा सांगितलं की कासव चौरस काढतं. पुढची पायरी त्रिकोणाची, आणि खरी मजा तिथे आहे. त्रिकोणाचे कोन साठ-साठ अंशांचे असतात हे ज्याने पाठ केलंय, ते मूल बिनधास्त ६० सांगतं. कासव तीन रेषा काढतं आणि अर्धवट, उघडंच थांबतं. मग मूल खुर्चीतून उठतं, फरशीवर स्वतः कासव होऊन चालतं आणि वळताना त्याला उमगतं, की वळायचा कोन बाहेरचा असतो, १२० अंशांचा. चूक झाली म्हणून पडदा लाल होत नाही, कर्कश भोंगा वाजत नाही. जे सांगितलं तेच कासवाने केलेलं असतं, त्यामुळे कुठे बिनसलं हे मुलाला स्वतःलाच शोधावं लागतं. मला हे आजही शिक्षणातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतं.

आपल्याकडे लोगो आली ती मुख्यतः शहरी, इंग्रजी शाळांच्या कॉम्प्युटरच्या तासाला. तिथे तिची बहुतेकदा आज्ञा पाठ करण्याची परीक्षा झाली. पॅपर्टच्या विचाराचं पुढचं रूप म्हणजे २००७ साली एमआयटीतून आलेलं ‘स्क्रॅच’. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. त्याच सुमारास ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या मोहिमेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेत आले. त्यातही कासव होतं. शंभर डॉलरच्या लॅपटॉपचं ते स्वप्न भारतात फार पुढे गेलं नाही.

तिसरा धागा कोलोरॅडो विद्यापीठाचा. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांचा ‘फेट’ हा उपक्रम सुरू केला. आधी तो कॉलेजच्या भौतिकशास्त्रासाठी होता, हळूहळू खालच्या वर्गांपर्यंत उतरला. त्यातल्या तराजूच्या खेळात एक फळी, तिच्या मधोमध टेकू आणि बाजूला विटा असतात. डावीकडे एक मीटरवर दहा किलोची वीट ठेवली, तर उजवीकडे पाच किलोची कुठे ठेवायची? मुलं आधी तीही एक मीटरवरच ठेवतात. आधार काढला की फळी डावीकडे झुकते. मग वीट एकेक खूण बाहेर सरकवत दोन मीटरवर नेतात आणि फळी सपाट होते. सूत्र अजून कुणी उच्चारलेलंही नसतं. बागेतल्या सी-सॉवर बाबा पुढे सरकून का बसतात, याचं उत्तर मात्र मिळालेलं असतं. यातले कितीतरी खेळ मराठीतही आले आहेत. बटणावर आपल्या भाषेतला शब्द दिसला, की बुजणारी मुलं बुजत नाहीत.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची हकीकत याच्या समांतर चालली होती आणि तिचा मला अभिमान वाटतो. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत टॅबलेट आले आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगावच्या ग्रामसभांत पोहोचला. लोकवर्गणी निघाली, कुणी पगारातले पैसे घातले, टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. शिक्षकांनी स्वतःच चाचण्या, खेळ आणि अ‍ॅप तयार केले, एकमेकांना वाटले.

पण त्या काळात पडद्यावर लागलं काय, हेही सांगायला हवं. पुष्कळसं साहित्य म्हणजे हलणारं पाठ्यपुस्तक होतं. एक गोड आवाज धडा वाचायचा, पाढा गाण्यात म्हटला जायचा, शेवटी चार पर्याय यायचे आणि बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या. पाढ्याच्या सरावाला त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण हातचा का घ्यायचा हे ज्या मुलाला कळलेलं नाही, त्याला टाळ्यांचा काय उपयोग? त्याच्यासमोर दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करून दाखवाव्या लागतात, आणि तो गठ्ठा त्याने स्वतः सोडायला हवा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मुलाचा पडदा बदलला. शाळेतला कॉम्प्युटर मागे पडला, वडिलांचा फोन पुढे आला. मुलांचे जुने गणिती खेळ मोठ्या संख्येने ‘फ्लॅश’ तंत्रावर चालायचे आणि फोनवर फ्लॅश जवळपास नव्हतंच. २०२० अखेर अ‍ॅडोबीने ते कायमचं बंद केलं. फेटसारख्यांनी वर्षानुवर्षं खपून आपले खेळ नव्या तंत्रात पुन्हा लिहिले. ज्यांच्यामागे कुणी नव्हतं ते नाहीसे झाले. त्यांच्या जागी व्हिडिओ आले. फोनवर व्हिडिओ पाहणं सोपं, काही घडवणं अवघड. मुलांच्या हातातून खेळ असा निसटत गेला, तरी त्याची फारशी चर्चा झाली नाही.

हे चालू असतानाच मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्याने व्हॉट्सअ‍ॅपवरून रोज अभ्यास पाठवायला सुरुवात केली. २०१७ पासून चालू असलेलं ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षण-पोर्टल आणि पुस्तकांतले क्यूआर कोड कामाला आले. पुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची सुरुवात करणारे, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्याच डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. तरीही दहातल्या जवळजवळ चार घरांत स्मार्टफोन नव्हता, आणि होता तिथेही तो बहुधा वडिलांबरोबर कामावर जायचा. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले.

त्या वर्षातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘टिलीमिली’. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर रोज लागायची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. तिचा पाया बालभारतीचा, पण फळ्यासमोर उभे राहून शिकवणारे गुरुजी तिच्यात नव्हते. मुलं आई-बाबांबरोबर, आजी-आजोबांबरोबर घरात, अंगणात, शेतात काहीतरी करून पाहत होती आणि पाहणाऱ्यानेही तेच आपल्या घरात करायचं होतं. तिला इंटरनेट लागत नव्हतं. ऑनलाइन शिक्षणाच्या गदारोळात, इतकी वर्षं विज्ञान-खेळणीवाले जे सांगत होते ते एका साध्या दूरदर्शन वाहिनीने लाखो घरांपर्यंत नेलं.

डिसेंबर २०२१ पासून लहानांचे वर्ग भरू लागले. ‘असर २०२२’ने देशभरात वाचन आणि अंकगणित दोन्हींची घसरण नोंदवली. शाळांनी मग फोन बाजूला ठेवून काड्या, मणी, खोट्या नोटा पुन्हा बाहेर काढल्या, ते योग्यच झालं. पण त्या घाईत चांगलं ऑनलाइन साहित्यही वाईटाबरोबर कपाटात गेलं. आज तिसरीला अपूर्णांक शिकवणाऱ्या, एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मराठीतला फेटचा अपूर्णांकांचा खेळ आहे हे बहुधा ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी तो शोधायला वेळ नसतो. हे खेळ इंटरनेटशिवाय चालवता येतात, खेळण्यांच्या फिल्म उतरवून ठेवता येतात. धड्यागणिक कोणता खेळ, कोणती फिल्म, आणि ती दाखवून झाल्यावर मुलांच्या हातात काय द्यायचं, एवढी यादी पाठ्यपुस्तकाच्या इयत्तेनुसार कुणीतरी करून द्यायला हवी. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या ज्या शिक्षकांनी दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून प्रोजेक्टर घेतले, त्यांनाच हे काम सोपवावं. स्ट्रॉ कापताना मुलांचे चेहरे कसे होतात, ते त्यांनी पाहिलेले आहेत.